डिसेंबर २०१९ चा तो खोकला

आमच्या फॅमिली ग्रुपवर थंडी सुरू झाली की एक विषय हमखास निघतो. कुणीतरी खोकतं, कुणीतरी काढ्याची रेसिपी टाकतं आणि मग नाशिकरोडचे मामा लिहितात, "कोरोना मार्च २०२० मध्ये वगैरे आलाच नाही, आपल्याकडे तो डिसेंबर २०१९ लाच येऊन गेला होता, सरकारने नंतर जाहीर केलं." की लगेच पाच-सहा अंगठे. मावशी म्हणते हो ना, मला तेव्हा तीन आठवडे खोकला होता, फोडणीचा वास पण येत नव्हता. अंबडला कामाला असलेला मावसभाऊ म्हणतो आमच्या इथे अर्धी शिफ्ट आजारी होती. आणि मग मला टॅग होतो, "तू सांग रे, तू तर इटलीतच होतास."

होतो ना, आणि अजून आहे. बोलोन्याजवळ, पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत. या भागात असल्या कंपन्या सातपूर-अंबडला वर्कशॉप असावेत तशा गल्लोगल्ली आहेत, म्हणून तर इकडे आलो. ग्रुपवर मोठं लिहिलं की कुणी वाचत नाही, नुसतं "छान माहिती" म्हणतात, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. इथे कँटीनमध्ये शब्दशः तोच चालतो. बेर्गामोकडचा एक सहकारी आहे, तो शपथेवर सांगतो की त्याच्या वडिलांना नोव्हेंबर २०१९ मध्येच झाला होता. म्हणजे तिकडचे लोक अडाणी आणि इकडचे शास्त्रीय असं काही नाहीये, माणूस सगळीकडे सारखाच. आणि इथे तर त्याला आधार द्यायला मोठी माणसं पण होती. जुझेप्पे रेमुझ्झी म्हणून नावाजलेले डॉक्टर आहेत, मारियो नेग्री संस्थेचे डायरेक्टर, त्यांनी मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं की लोम्बार्दीतल्या (मिलान-बेर्गामोचा प्रांत) फॅमिली डॉक्टरांना डिसेंबरमधले, काहींना तर नोव्हेंबरमधले, विचित्र न्यूमोनियाचे पेशंट आठवतायत.

फरक पुढे आहे. इथे लोक नुसतं आठवत बसले नाहीत, फ्रीजर उघडून बघितलं.

सरकारी रेकॉर्डप्रमाणे इटलीत स्थानिक साथीचा पहिला पेशंट सापडला २० फेब्रुवारी २०२० ला, कोदोन्यो नावाच्या छोट्या गावात. नंतर इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सांडपाण्याचे जुने नमुने काढले, जे भलत्याच व्हायरसवर लक्ष ठेवायला म्हणून साठवलेले होते. ऑक्टोबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० मधले ४० नमुने. त्यात मिलान आणि तोरिनोचं १८ डिसेंबर २०१९ चं पाणी पॉझिटिव्ह निघालं, आणि आमच्या बोलोन्याचं २९ जानेवारीचं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी सोबत सप्टेंबर २०१८ ते जून २०१९ चे २४ नमुने पण तपासले, जेव्हा हा व्हायरस असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ते सगळे निगेटिव्ह आले. म्हणजे टेस्ट उगाच कशालाही हो म्हणत नव्हती.

मग मिलानचा तो चार वर्षांचा मुलगा. नोव्हेंबर २०१९ च्या शेवटी सर्दी-खोकला, नंतर अंगावर पुरळ, म्हणून गोवर असेल या संशयाने डिसेंबरच्या सुरुवातीला घशाचा स्वॅब घेतला. गोवर निघाला नाही, स्वॅब पडून राहिला. साथ आल्यावर तशा ३९ जणांचे जुने स्वॅब तपासले तर याच एकाचा पॉझिटिव्ह. कुठे प्रवास नाही काही नाही. फ्रान्समध्ये पण असंच, पॅरिसजवळ बोबिन्यीच्या हॉस्पिटलात २७ डिसेंबर २०१९ ला न्यूमोनियाने आलेल्या माणसाचा नमुना नंतर पॉझिटिव्ह आला, आणि त्यांच्याकडे तर पहिली केस २४ जानेवारीला जाहीर झाली होती. त्या माणसाची बायको विमानतळाजवळच्या सुपरमार्केटमध्ये कामाला होती, आता जोडा दुवे.

म्हणजे मामा बरोबर? थांबा.

कारण याच रांगेत असे पण दावे आहेत जे टिकले नाहीत. बार्सिलोनाच्या सांडपाण्यात म्हणे मार्च २०१९ मध्येच व्हायरस होता! एकच नमुना, त्याच्या आगेमागे कित्येक महिने काहीच नाही, बहुतेक जाणकारांनी तो लॅबमधला घोळ असावा म्हणून बाजूला ठेवला. आणि सगळ्यात गाजलेला मिलानच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटचा अभ्यास. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी आलेल्या ९५९ लोकांचं साठवलेलं रक्त, सप्टेंबर २०१९ पासूनचं, त्यात १११ जणांच्यात अँटिबॉडी, म्हणजे शरीर व्हायरसशी लढल्याच्या खुणा, सापडल्या. पेपरात हेडलाइन आली, ग्रुपवर मामांनी पण टाकली होती. पण जरा डोकं लावा ना, हे भरपूर सिगारेट ओढणारे, वयाने मोठे लोक. त्यांच्यात सप्टेंबरपासूनच इतक्या जणांना होत असता तर मिलानचे आयसीयू ऑक्टोबरलाच भरले असते की नाही? नंतर त्यातले काही नमुने नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला पाठवले, तिथल्या लॅबने कडक निकष लावले आणि साथीच्या आधीचा एकही नमुना त्यात पास झाला नाही.

असं का होतं ते साधं गणित आहे. समजा टेस्ट निरोगी माणसाला शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. भारी वाटते ना. आता ज्या गावात आजार अजिबात नाहीच तिथल्या हजार जणांना ती लावा, दहा जण पॉझिटिव्ह येणारच, आणि ते दहाच्या दहा खोटे. आजार जितका दुर्मिळ तितका खोट्या पॉझिटिव्हचा गोंगाट जास्त, आणि साथीच्या आधीचा काळ म्हणजे आजार सगळ्यात दुर्मिळ असण्याचाच काळ.

व्हायरसच्या जनुकांवरून पण उलटा हिशोब करता येतो. याच्यात साधारण महिन्याला दोन बदल होतात, मग वेगवेगळ्या पेशंटमधले नमुने शेजारी ठेवून मागे मागे जात मूळ कधीचं ते काढतात. २०२१ मध्ये सायन्स मासिकात आलेल्या अभ्यासाने चीनमधली पहिली केस मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर २०१९ च्या दरम्यानची धरली. डब्ल्यूएचओला कळलं ३१ डिसेंबरला, म्हणजे अधिकृत तारखेआधी दीड-दोन महिने तो फिरत होता हे आता कुणी फारसं नाकारत नाही. पण त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट आहे जी कुणी फॉरवर्ड करत नाही. अशी सुरुवात बहुतेक वेळा आपोआप विझते, त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या प्रयोगांत तर दोन तृतीयांशाहून जास्त वेळा विझली. ठिणग्या खूप पडतात, गंजी एखादीच पेटते. मिलानचा तो मुलगा, पॅरिसचा तो माणूस हे सगळं खरं धरलं तरी त्याचा अर्थ डिसेंबरमध्ये युरोपभर साथ होती असा होत नाही.

आता नाशिक.

भारतातली पहिली केस ३० जानेवारी २०२० ची, केरळात, वुहानहून आलेली विद्यार्थिनी. महाराष्ट्रात ९ मार्चला पुण्यात. आपल्या जिल्ह्यात मार्चच्या शेवटी निफाड तालुक्यात, आणि मग एप्रिलमध्ये मालेगाव, ते सगळ्यांना आठवतंय. या तारखा थोड्या उशिराच्या आहेत का? हो, असणारच. आयसीएमआरने १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०२० दरम्यान श्वासाच्या गंभीर त्रासाने ॲडमिट झालेल्या ५,९११ लोकांना तपासलं, १०४ पॉझिटिव्ह आले, आणि त्यातल्या ४० जणांनी ना परदेश प्रवास सांगितला ना कुणा पेशंटशी संपर्क. मग त्यांना कुठून झाला? अर्थातच आपल्याला न दिसलेल्या लोकांकडून. तेव्हा मार्चमध्ये तो गुपचूप फिरत होता, अगदी फेब्रुवारीच्या शेवटी पण असेल, इथपर्यंत मी मामांच्या बरोबर आहे.

डिसेंबर मात्र नाही. त्याला माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक, मे-जून २०२० चा पहिला देशव्यापी सीरो सर्व्हे. २८,००० लोकांचं रक्त, अँटिबॉडी सापडल्या ०.७३ टक्क्यांत. शंभरात एक पण नाही! अर्धी शिफ्ट डिसेंबरमध्ये आजारी पडली होती ती कोरोनाने, असं गावोगावी झालं असतं तर हा आकडा इतका छोटा राहिलाच नसता. उलट जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सर्व्हेत तो ६७.६ टक्के होता, त्यात लसीचा वाटा आहेच, पण दुसऱ्या लाटेनंतरचा देश असा दिसतो. दुसरं कारण अमरधाम. आपल्या कुणाच्याही अंगात तेव्हा या व्हायरसची ओळख नव्हती, मास्क नव्हते, लग्नं जोरात, रामकुंडावर गर्दी, मेनरोडला गर्दी. अशा गावात तो डिसेंबरमध्ये शिरला असता तर जानेवारी-फेब्रुवारीत एप्रिल २०२१ सारखं दृश्य दिसलं असतं. इथे बेर्गामोत पहिला स्थानिक पेशंट सापडल्यापासून महिन्याच्या आत, १८ मार्चला, लष्कराचे ट्रक शवपेट्या घेऊन निघाले होते. ही गोष्ट एवढी लपून राहत नाही हो मामा.

मग मावशीचा खोकला? तो खराच होता, तिला काय खोटं बोलायचंय. पण नाशिकला डिसेंबरात कोण खोकत नाही, निफाडचा पारा उतरला की पेपरात फोटो येतात तो मोसम, फ्लू असतो, स्वाइन फ्लू असतो, आणि वास जाणं तर साध्या सर्दीच्या व्हायरसने पण होतं. मावशीने मला तेव्हाच्या केसपेपरचा फोटो पाठवला, पुरावा म्हणून. पिवळट कागद, वर तारीख, खाली "व्हायरल, घसा लाल", अझिथ्रो ५०० तीन दिवस, एक कफ सिरप, वाफ घ्या. संपलं. ना स्वॅब, ना रक्त, ना ऑक्सिजनचा आकडा. डॉक्टरांचा दोष नाही, दीडशे पेशंट बघणारा माणूस अजून काय करणार. पण या कागदावरून डिसेंबरमध्ये कोरोना होता हे सिद्ध होत नाही आणि नव्हता हे पण नाही होत. आणि माझं खरं दुखणं इथे आहे.

"सरकारने लपवलं" हे बोलायला सोपं आहे. चीनने सुरुवातीला बोलणाऱ्या डॉक्टरांना गप्प केलं, ली वेनलियांगचं प्रकरण जगाला माहितीये, त्याला लपवणंच म्हणतात. पण आपल्याकडे आणि इटलीत झालं ते वेगळं, आपण बघितलंच नाही. २० मार्च २०२० पर्यंत आपल्याकडे टेस्टचा नियम काय होता, तर परदेशातून आलेले, सापडलेल्या पेशंटच्या संपर्कातले, लक्षणं असलेले आरोग्य कर्मचारी. असा नियम असल्यावर पेशंट परदेशातून आलेलाच सापडणार, दुसरा सापडेल कसा? इथे कोदोन्योत पण नियम तोच होता, चीनशी संबंध असेल तरच टेस्ट. अन्नालिसा मालारा नावाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरने नियमाबाहेर जाऊन, जबाबदारी स्वतःवर घेऊन त्या पेशंटची टेस्ट केली, म्हणून २० फेब्रुवारी. तिने नसती केली तर इटलीची "अधिकृत तारीख" अजून पुढे गेली असती. ती तारीख म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा बघितलं तो दिवस, व्हायरस आला तो दिवस नव्हे.

आणि बघायची सोयच आपण ठेवत नाही. २०१९ मध्ये भारतात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त २०.७ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने सर्टिफाय केलेलं होतं. बाकीचे कशाने गेले तर "वय झालं होतं", "दम लागला". मग पाच वर्षांनी भांडायला आपल्याकडे उरतं काय, मावशीची आठवण आणि मामांचा आवाज. मी हे बोललो की भाऊ म्हणतो तिकडे बसून ज्ञान पाजळू नको, आणि त्यात तथ्य आहे, इटलीकडे एवढे फ्रीजर असून २०२० मध्ये माणसं वाचली नाहीतच. पण प्रश्न पडल्यावर उत्तर शोधायला बाटली तरी होती.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. कोट्यवधी लोक येणार, देशभरातून आणि बाहेरून पण, रस्ते-पूल-घाट यावर रोज बातम्या आहेत, साधुग्रामच्या झाडांवरून भांडणं झाली, चांगलंय, व्हायलाच हवीत. पण त्या सगळ्या गर्दीचं सांडपाणी जाणार कुठे, तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचकसारख्या प्लांटमध्येच ना. पुण्यात एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संस्थांनी सांडपाण्यातून कोविडचा माग ठेवलाय, म्हणजे हे करणारी माणसं दोनशे किलोमीटरवर बसलीयेत, इटलीहून कुणाला बोलवायची गरज नाही. या चार प्लांटवरून आठवड्याला थोडं पाणी घ्यायचं, त्यातलं काही लगेच तपासायचं आणि काही उणे ८० डिग्रीला ठेवून द्यायचं. आणि हे आत्ताच सुरू करायचं, पर्वणीच्या आदल्या आठवड्यात नाही, कारण मेळ्याच्या आधीचं पाणी कसं होतं ते माहीत नसेल तर नंतर काय नवीन आलं हे कुणालाच सांगता येणार नाही. आमच्या ग्रुपमधले एकजण महापालिकेतून रिटायर झालेत, त्यांना मी हे पाठवलंय, बघू आता आतल्या कुणापर्यंत पोचवतात का.