‘तीनदा नेला, मिसिंग तेच’: एक स्टार देणाऱ्या भाऊंना आमचं उत्तर

राम राम भाऊ,

आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलं आहे: ‘जुना तीन सिलेंडरचा ट्रॅक्टर तीनदा नेला. तिन्ही नोझल बदलली, ३६०० रुपये घेतले, मिसिंग तेच. शेवटी गावातल्या मिस्तरीने एक वायसर बदललं आणि गाडी सुरळीत झाली. शेतकऱ्याला लुटतात.’

लुटल्याचं सोडून बाकी सगळं खरं आहे. काय घडलं ते नीट सांगतो. चोपडा-यावल पट्ट्यात असे जुने ट्रॅक्टर अजून घरोघरी आहेत आणि हाच त्रास त्यांनाही होतो.

मे अखेरीस तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा इंजिन स्लो रेसवर एकसारखं धडधडत होतं, सायलेन्सरमधून धूर थुंकत होतं. आम्ही इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, नोझल म्हणजे त्याचं टोक) पाइपाचा नट सैल केला, म्हणजे त्या सिलेंडरचं डिझेल तुटतं. एक नंबरचा सैल केला, इंजिन बसलं (रेस खाली आली). तीन नंबरचा केला, तरी बसलं. दोन नंबरचा केला तर आवाजात काडीचा फरक नाही, म्हणजे ते सिलेंडर काम करत नव्हतं. (हे घरी कुणी करून बघणार असेल तर पाइपावर जाड फडकं धरा, डोळ्यांना चष्मा लावा. इंजेक्टरच्या तोंडासमोर मात्र हात कधीच नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि बोट कापायची वेळ येते. असं झालं तर दुखायची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.)

मग दोन नंबरचा इंजेक्टर काढून एक नंबरला लावला, तर दोष त्याच्याबरोबर एक नंबरला गेला. दोष इंजेक्टरबरोबर सरकला म्हणजे इंजेक्टरला डिझेल पुरवणारा पंप आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला हवेचा दाब) दोन्ही निर्दोष. टेस्टरवर लावलं तर चांगलं नोझल जसं धुक्यासारखी फवारणी करतं तसं ते करत नव्हतं, टपटप गळत होतं. टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर तपासले, ते बरोबर होते. त्यामुळे दोन नंबरचं नोझल खराब होतं यावर मी आजही ठाम आहे. तुमची तिन्ही जुनी नोझल पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवली आहेत. कधीही या, तुमच्यासमोर टेस्टरवर लावतो.

पण बाकीची दोन नोझल जुनी असली तरी चालण्यासारखी होती. ‘एकदा इंजेक्टर उतरवलेत तर तिन्ही करून टाकू’ असं माझ्या पोरांनी ठरवलं आणि तुम्हाला फोन केला नाही. पैसा तुमचा होता, विचारायला हवं होतं. ही पहिली चूक.

दुसरी चूक माझी स्वतःची आणि त्याहून मोठी. पाच दिवसांनी तुमचा फोन आला, ‘दादा, आखो मिसिंग मारी ऱ्हायनं’ (परत मिसिंग मारतंय). मी मिसिंग हा शब्द ऐकला आणि तोच आजार समजलो. आपल्याकडे इंजिन कसंही बेताल चाललं की त्याला मिसिंग म्हणतात. एक सिलेंडर बंद पडून सारखं धडधडतं तेही मिसिंग, आणि रेस आपोआप वर-खाली होते, रोटाव्हेटर जमिनीत टेकला की दम जातो, तेही मिसिंग. पहिल्याचं मूळ बहुतेक वेळा त्या एका सिलेंडरमध्ये सापडतं. दुसऱ्यात आधी डिझेलच्या लाईनमध्ये एअर शिरते का ते बघायचं असतं. ‘आवाज कसा येतो? कधी येतो?’ एवढं मी फोनवर विचारलं असतं तर तुमच्या पुढच्या दोन खेपा वाचल्या असत्या.

दोन्ही खेपांना आम्ही फिल्टरचा स्क्रू सैल करून प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारला, फेस निघाला, एअर काढली, गाडी छान चालली. वाटलं, नोझल बसवताना राहिलेली एअर असेल. एअर आली कुठून, हे शोधलंच नाही. त्यात तुम्ही दोन्ही वेळा पेट्रोल पंपावर टाकी भरून आमच्याकडे आलात. टाकी भरलेली असली की डिझेल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि फीड पंपाजवळच्या (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा पंप) सैल वायसरमधून, म्हणजे जोडातल्या चकतीतून, एअर शिरत नाही, उलट थोडं डिझेल पाझरतं. ती ओल तिथे होती. पोराने ती पुसली, सांडलेलं असेल समजून. शेतात टाकी खाली गेली, वर रोटाव्हेटरचा लोड आला, की फीड पंप जोराने ओढतो आणि त्याच फटीतून एअर घेतो. बाहेर थेंबही दिसत नाही. फीड पंप आणि फिल्टरच्या मध्ये पारदर्शक नळी लावून गाडी लोडवर चालवली असती तर बुडबुडे डोळ्यांना दिसले असते. ती नळी आमच्या भिंतीवर टांगलेली आहे.

रविवारी मी तुमच्या गावच्या मिस्तरींना भेटलो. त्यांनी ते तांब्याचं वायसर दाखवलं, त्यावर आरपार चर पडलेली होती. त्यांनी अचूक पकडलं, त्यांचा मान त्यांना.

एक गोष्ट मात्र राहिली आहे, ती पेरणीआधी करून घ्या. तुम्ही शेतात कॅनने डिझेल भरता. माझा संशय आहे की टाकीच्या तळाच्या जाळीत कचरा बसला आहे, म्हणून फीड पंपाला एवढं ओढावं लागत होतं. टाकी रिकामी करून कॉक खोला आणि जाळी धुवा. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्रही सुईने मोकळं करा. ते बुजलं तर गाडी तासभर छान चालते आणि मग दम सोडते, झाकण उघडताच फुस्स आवाज येतो.

हिशोब असा: न विचारता बदललेल्या दोन नोझलचे १४०० आणि नंतरच्या दोन खेपांचे ६००, असे २००० रुपये परत. एका नोझलचे ७०० आणि पहिल्या कामाची ९०० मजुरी आम्ही ठेवतो, कारण ते काम लागत होतं. स्टार बदला असं मी म्हणणार नाही.

मृग तोंडावर आलाय, म्हणून तुम्हाला परत खेप घालायला लावत नाही. जाळीचं काम आमचा पोरगा तुमच्या वावरात येऊन फुकट करून देईल, पैसेही त्याच्याच हाती पाठवतो. फक्त त्या दिवशी टाकी भरू नका, पाव टाकीच राहू द्या, आणि रोटाव्हेटर जोडून ठेवा. पारदर्शक नळी तो सोबत आणेल.