‘गवार क्वॉट भेसळीचं’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई. आमच्या तुर्भ्याच्या दुकानातून नेलेल्या गवार क्वॉटमुळे (गवार गमवर धनभार जोडून केलेली, केस मऊ करणारी भुकटी) शाम्पूत पांढऱ्या गुठळ्या झाल्या, रात्रभरात चोथा तळाशी बसला, म्हणजे पाकिटात साधा गवार गम (गवारीच्या बियांचा डिंक) असणार, असं तुम्ही लिहिलंय. प्रमाणं दिलीत हे फार बरं केलंत: पाणी 500 ग्रॅम, गवार क्वॉट 3, झँथन (दाटपणा आणणारा डिंक) 5, आणि शाम्पू सौम्य व्हावा म्हणून एसएलईएस (फेस आणणारा मुख्य साबणी घटक) फक्त 50.

साध्या गवारवर विद्युतभार नसतो. तो झँथनसोबत दाट होतो, फाटत नाही. गवार क्वॉटवर धनभार आणि झँथनवर ऋणभार असतो. दोन्ही एका भांड्यात आले की एकमेकांना चिकटून पाण्याबाहेर पडतात. पाकिटात साधा गवार असता तर अशा गुठळ्या झाल्याच नसत्या.

एसएलईएससुद्धा ऋणभारितच, पण तिथे सगळा खेळ प्रमाणाचा. कमी पडलं तर गवार क्वॉटचा भार जेमतेम झाकला जातो आणि द्रावण गढूळ होतं. भरपूर असलं तर त्याचे मायसेल (रेणूंचे बारीक पुंजके) गवार क्वॉटच्या साखळीला धरून ठेवतात, द्रावण पुन्हा स्वच्छ. डोकं धुताना पाणी वाढलं की तोच गढूळ थर सुटून केसांवर बसतो. गवार क्वॉट घालायचं ते याचसाठी! एसएलईएस इतकं कमी केल्यावर ते बाटलीतच सुटू लागतं. सौम्यपणा हवा तर सीएपीबी (खोबरेल तेलापासून केलेला सौम्य साबणी घटक) वाढवा.

1 किलोसाठी असं करून बघा. गवार क्वॉट 2 ग्रॅम आधी 10 ग्रॅम ग्लिसरीनमध्ये कालवा, मग ढवळत 470 ग्रॅम पाण्यात सोडा. सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच 6 च्या आसपास आणा, नाहीतर भुकटी नीट फुगत नाही. अर्धा तास थांबा. दुसऱ्या भांड्यात 28 टक्क्यांचं एसएलईएस 400 ग्रॅम आणि सीएपीबी 100 ग्रॅम हलक्या हाताने एकत्र करा. गवार क्वॉटचं पाणी त्यात ओता. उलट ओतलंत तर सुरुवातीला एसएलईएस कमी पडतं. नंतर प्रिझर्व्हेटिव्ह. दाटपणासाठी मीठ अगदी शेवटी, चिमटी-चिमटीने, कारण सीएपीबीत आधीच मीठ असतं आणि जास्त झालं की शाम्पू पुन्हा पातळ होतो. झँथन अजिबात नको.

फाटलेली बॅच तापवून सुधारत नाही, टाकून द्या. उरलेलं पाकीट दुकानात आणा, तुमच्यासमोर पाण्यात भिजवून एसएलईएस घालून तपासू. माल साधा गवार निघाला तर पूर्ण पैसे परत.