मागचं चाक घुमायला लागलं? रेडिओ मोठा करा

तुमच्याकडे वडिलांची, काकांची किंवा भावनेच्या भरात विकत घेतलेली जुनी फिएट असेल आणि चाळीसच्या स्पीडला मागून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर सगळ्यात आधी रेडिओ मोठा करा. रेडिओ नसेल तर काचा खाली घ्या, मुंबई आहे, बाकीचे आवाज आपोआप आत येतात. चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते छऱ्यांचं कडं, बिचारं लाजाळू असतं, दुसरं कोणी बोलायला लागलं की ऐकू येत नाही.

चाक जॅकवर घेऊन हलवून बघू नका. वर बाराच्या काट्यावर आणि खाली सहाच्या काट्यावर धरून हलवलं आणि खटखट लागलं तर कळतं ना मग, आणि कळलं की खर्च येतो.

उजवीकडे वळताना आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यायचा, कारण वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं, असलं काही डोक्यात ठेवू नका. अ‍ॅक्सिलेटर सोडला-दाबला की बदलतो तो आवाज बहुतेक डिफ्रेन्शनचा, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गिअरांचा, आणि पायाने काहीही केलं तरी फक्त स्पीडबरोबर वाढतो तो बेअरिंगचा, हे तर मिस्त्रीसमोर चुकूनही बोलू नका. त्याने त्यातले क्राऊन-पिनियन गिअर बदलायचं मनात पक्कं केलेलं असतं, त्याला वाईट वाटेल.

स्पेअर पार्ट आणायला कुर्ल्याला सीएसटी रोडला जा. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनली तिथेच आता तिचे अवयव किलोवर मिळतात, बघून डोळे पाणावतात. जाताना जुनं बेअरिंग सोबत नेऊ नका. रिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०५ म्हणजे शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा, आतलं भोक २५ मिलिमीटर, चौथीतल्या पोराला जमेल असं गणित आहे. पण समोरचा "साहेब, सेम टू सेम" म्हणत असताना आपण पाढे म्हणणं बरं दिसत नाही.

ब्रेक ऑईल कमी झालं तर इंजिन ऑईल ओता. दोन्ही ऑईलच. रबरी वॉशर फुगून ब्रेक जाम झाले तर गाडी उतारावर घसरणार नाही, हा फायदा वेगळा.

ब्रेकचा ड्रम उघडल्यावर काळी धूळ जोरात फुंकून उडवा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फुकट मिळतंय.

मिस्त्री निवडताना मात्र काळजी घ्या, म्हणजे ज्याला या गाडीचं काहीच माहीत नाही असाच शोधा. पूर्वी टॅक्सीवाल्यांचे मिस्त्री होते, चाक फिरवून नुसत्या कानाने सांगायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची फिएट टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि ते लोक एकतर गावी गेले किंवा सीएनजीची कामं करतात. मला मिळाला तो म्हणाला, "अरे साहेब, ही गाडी तर मी डोळे मिटून करतो." तेवढं मात्र खरं बोलला, डोळे मिटूनच केली.

त्याचं असं की या गाडीत एक्सलवर बेअरिंग प्रेसने बसवतात आणि त्याच्यामागे लोखंडी कॉलर गरम करून सरकवतात, ती थंड झाली की एक्सलला आवळून बसते आणि अख्खं चाक एक्सलसकट बाहेर यायचं थांबतं ते त्या कॉलरमुळे. जुनी काढली की ती फेकायची असते, प्रत्येक वेळी नवीन लागते. याने काय केलं, जुनीच कॉलर छिन्नीने सैल करून काढली, नवीन बेअरिंग हातोडीने ठोकलं, तीच कॉलर परत चढवली आणि ती फिरायला लागली म्हणून वर वेल्डिंगचे दोन टाके मारले, नव्या बेअरिंगला चिकटून, तापून त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेलं असेल याचा विचारही नाही! आणि मी तिथेच उभा होतो, कटिंग पीत. व्हील सिलिंडरला, म्हणजे ऑईलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या नळकांड्याला, आत गंजाचे खड्डे होते, कारण ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं आणि मी तीन पावसाळे ते बदललं नव्हतं, तर त्याने पॉलिश पेपर फिरवला, नवीन किट घातलं आणि "एकदम ओके" म्हणाला.

मग गेल्या रविवारी भाच्याच्या प्री-वेडिंग शूटसाठी मरीन ड्राइव्हला निघालो. मागे भाचा आणि होणारी सूनबाई, पुढे त्याची आत्या आणि मी. केम्प्स कॉर्नरवरून ह्यूजेस रोडचा उतार लागला आणि पेडल सरळ तळाला. माझ्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच, एका चाकाचं ऑईल गेलं की चारही चाकं मोकळी. पंप मारत, दुसऱ्यात टाकून बेस्टच्या बसपासून हातभर अलीकडे थांबलो. उतरून बघतो तर डावं मागचं चाक बोटभर बाहेर आलेलं, ऑईल सील चावलेलं आणि ड्रममधून दोन-दोन ऑईलं गळतायत, एक ब्रेकचं पातळ, एक एक्सलच्या हाऊसिंगमधलं जाड गिअर ऑईल, त्या गंधकाच्या वासाचं. तेवढ्यात एकजण म्हणाला, "क्या गाडी है, एक सेल्फी?"

पुरे झाली गंमत.

गाडी थांबत नसेल तर ती अँटिक नाही, भंगार आहे, आणि त्यात दुसऱ्यांची पोरं बसवणारे आपण बेजबाबदार आहोत. ५० वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, २०२१ च्या नियमाने व्हीए वाला नंबर मिळतो, त्याचे २०,००० भरायला आपण रांगेत उभे. बंपरचं क्रोम करायला पैसे आहेत, सीटला खास शिवलेलं कव्हर आहे, आणि लेथवाल्याकडे जाऊन प्रेसवर बेअरिंग बसवून घ्या, नवीन कॉलर बनवून घ्या, खड्डे पडलेला सिलिंडर फेकून द्या म्हटलं की "अरे चालतंय की अजून". काय चालतंय? तुमचं नशीब चालतंय. मिस्त्रीला शिव्या घालून मोकळे होऊ नका, त्याला "लवकर कर आणि स्वस्तात कर" कोणी सांगितलं होतं? मी. माझ्या तोंडाने.

गाडी सध्या बिल्डिंगच्या मागे विटांवर आहे. उजवं चाकपण त्यानेच केलंय, ते अजून उघडलेलं नाही. रविवारी उघडतोय. हात काळे करायचे असतील तर या, नुसते फोटो काढायला कोणी येऊ नका.