टूर दाखवली, प्रश्न मात्र दाबला

आज भाचीच्या शाळेच्या ग्रुपवर फोटो आले. 'व्हर्च्युअल टूरमधून चिकित्सक विचार'. अंधाऱ्या वर्गात सातवीची मुलं पडद्याकडे बघतायत, खाली पालकांच्या टाळ्या. माझं डोकंच फिरलं, कारण त्या तासाला काय झालं ते भाचीने मला सांगितलंय.

ब्रिटिश म्युझियम दाखवत होते. अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव दगड आले. हिने हात वर केला, "सर, आंध्रातला स्तूप लंडनला कसा गेला?" उत्तर मिळालं, "प्रश्न शेवटी." शेवटी आलं वर्कशीट. म्युझियम कोणत्या शहरात आहे, योग्य पर्याय निवडा.

अरे, तोच तर तास होता! १८५९ मध्ये मद्रासहून जहाजाने गेले ते दगड. कोणाला विचारून नेले? इथे राहिले असते तर टिकले असते का? पोरं कडाकडा भांडली असती. भांडू द्यायचं होतं.

टूर नको असं मी म्हणतच नाही. सुरगाणा-पेठच्या पोराला लंडन कोण दाखवणार? आणि हो, भरलेला वर्ग, पोर्शन, वर परीक्षा, सरांचीही ओढाताण असते, मान्य. पण एका प्रश्नाला पाच मिनिटं नाहीत?

आणि लंडनच कशाला? आपली नाशिकची पांडवलेणी घ्या. ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, माझ्या मुलाने, राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश संपवला. १० नंबरमध्ये त्याच क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो, त्यात तीन लाख गाई! दोन्ही लेख पडद्यावर शेजारीशेजारी लावा आणि गप्प बसा. आई मुलाबद्दल सांगते ते कितपत धरायचं? गाई मोजल्या कोणी? मग नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेली नाणी दाखवा, नहपानाच्या नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेली. आता आईचं म्हणणं पोरं स्वतःच ताडून बघतील. लेणी, नाणी, सगळं एका जागी आणता येतं, टूरचा खरा उपयोग हा.

भाचीने तो प्रश्न नंतर वर्गात काढलाच नाही. मला विचारला, तोही दबकत, काही चुकल्यासारखा. त्याचं फार वाईट वाटतंय हो.

शनिवारी पालकसभा आहे, मी ताईबरोबर जाणार आहे. वर्कशीटच्या शेवटी 'तुला पडलेला प्रश्न' म्हणून मोकळी जागा ठेवा आणि पुढचा तास त्यावरच घ्या, एवढंच मागणार आहे. सातवीचे पालक इथे असतील तर नक्की या, एकटीचं कोणी ऐकत नाही.