‘मी आजारी आहे’ म्हणणं हा अविश्वास नाही

आमच्या नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सध्या एक संदेश घरोघरी पोचलाय. त्याचा सारांश असा : जीवन-मरण तुमच्या जिभेवर आहे. ‘मी आजारी आहे’ म्हणालात की आजार तुमचा झाला. ‘मी बरा झालो’ अशी घोषणा करा, त्रास होत असला तरी तो तोंडातून काढू नका. गुण आला नाही तर विश्वास कमी पडला. मी प्रार्थनेवर मनापासून विश्वास ठेवते, म्हणूनच यावर गप्प बसवत नाही.

आधार दिलाय बायबलमधल्या नीतिसूत्रे 18:21 चा. तो पूर्ण अध्याय वाचा. आठव्या वचनात चहाडखोर आहे, तेराव्यात ऐकून घेण्याआधी उत्तर देणारा, सतराव्यात वादात आधी बाजू मांडणारा. माणसाच्या बोलण्यानं दुसऱ्या माणसाचं घर मोडतं किंवा सावरतं, असा तो विषय आहे. आपल्या रक्ताला किंवा किडनीला हुकूम सोडण्याबद्दल तिथं काही नाही.

दुसरा आधार मार्क 11:23, डोंगराला ‘उपटून समुद्रात पड’ म्हणण्याचा. त्याच्या आधीचं वाक्य संदेशात नाही : ‘देवावर विश्वास ठेवा.’ पुढे येते ती प्रार्थना, आणि इतरांना क्षमा करण्याची आज्ञा. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, जे नाही त्याला असल्यासारखं बोलावणारा तर देव आहे. ते काम आपल्या जिभेकडे सोपवलेलं नाही.

पण मला खरं खुपतं ते ‘आजाराचं नाव घेऊ नका’ हे सांगणं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, आणि पित्याला म्हणाला, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या.’ अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थना म्हणून आपल्या हाती दिलेलं आहे. प्रेषित पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. आपला सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या आणि वरचेवरच्या दुखण्यांबद्दल त्यानं उघड लिहिलं. दुसरा सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून आलो, हेही लिहिलं. यांतल्या कुणाचा विश्वास कमी होता, ते संदेश पाठवणाऱ्यांनी सांगावं. याकोब 5:14 मध्ये आजारी माणसानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. आजारी आहे हे बोललंच नाही तर बोलावणार कसं?

आणि आजारी लेकराला येशूकडे आणणारा तो बाप आठवा, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव’ म्हणणारा. त्याच्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर येशूनं लेकराला परत पाठवलं नाही.

ही शिकवण प्रेषितांपासून चालत आलेली नाही. तिची आजची मांडणी विसाव्या शतकातल्या अमेरिकेतली, एसेक केन्यन आणि त्याच्यानंतर केनेथ हेगिन यांच्या उपदेशांतून पसरलेली. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आला, त्या मिशनच्या परंपरेनं सीताबर्डीत म्युर मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. प्रार्थना आणि औषध ही दोन्ही त्या लोकांना देवाचीच देणगी वाटत होती.

विदर्भात तर हा संदेश जिवावर बेतू शकतो. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक घरांत आहे. या आजाराचं लेकरू ‘हाडं दुखताहेत’ म्हणालं की ते लगेच ऐकून घ्यावं लागतं. त्याला ‘असं बोलू नको, बरा झालोय म्हण’ शिकवलं तर ते कळ दाबून धरेल आणि आईला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर ती गोळी ‘बरा झालो’ अशी साक्ष देण्यासाठी बंद करू नका. अशा लेकराला ताप आला तर रात्र काढू नका. मेडिकल किंवा मेयो, नागपुरातलं जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा आणि पाळकांना फोन वाटेतून करा.