एका अक्षराचा पॅच

"फक्त स्पेलिंगच दुरुस्त केलंय ना?" ओपन सोर्समध्ये असा पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवल्यावर हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आज सविस्तर लिहितोच.

एका प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये डेटाबेसची रचना बदलणाऱ्या मायग्रेशनच्या कमांडखाली सूचना होती: सर्व्हर चालू असताना ही कमांड आता चालवावी. मी चालवली. टेस्ट मशीनवरच्या डेटाबेसची वाट लागली आणि अख्खी संध्याकाळ बॅकअप परत चढवण्यात गेली. नंतर तीच ओळ सावकाश वाचली तेव्हा उलगडा झाला. तिथे इंग्रजी 'नॉट' हवं होतं, टाइप झालं होतं 'नाऊ'. टीच्या जागी डब्ल्यू. 'चालवू नये'चं 'आता चालवावी' झालं होतं.

स्पेलिंग तपासणारी कोडस्पेलसारखी टूल्स मी रोज वापरतो. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येही नेहमी होणाऱ्या चुकांची यादी आहे आणि चेकपॅच ही स्क्रिप्ट पॅच तपासताना ती वापरते. पण ही चूक त्यातल्या कुणालाच दिसली नसती, कारण 'नाऊ'चं स्पेलिंग अगदी बरोबर आहे. अशी चूक सापडते ती डॉक्युमेंटेशन शेजारी उघडून काम करणाऱ्यालाच. कोड लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याची नजर तिच्यावरून सरकून जाते. म्हणून मला हे काम दुय्यम वाटत नाही.

आणि वेळ निघून गेली की दुरुस्ती करताच येत नाही. वेबच्या एचटीटीपीमधला 'रेफरर' हेडर घ्या, म्हणजे आपण कोणत्या पानावरून आलो हे ब्राउझर सर्व्हरला सांगतो ती ओळ. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर गळला आणि १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या अधिकृत दस्तऐवजात ते नाव तसंच गेलं. तोवर सॉफ्टवेअर त्यावर उभं राहिलं होतं. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' हेडरचं स्पेलिंग मात्र बरोबर आहे. आता कुठे दोन आर लागोपाठ आणि कुठे एकच, हे प्रत्येक वेब डेव्हलपरला लक्षात ठेवावं लागतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे हेडरचं नाव कुणी उत्साहाने 'सुधारलं', तर बरोबर माहिती चुकीची होईल.

मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, वैतागतात ते याचमुळे, आणि त्यांचं चूक नाही. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या ओळखीच्या फाइलमध्ये) शब्द इकडचे तिकडे करणाऱ्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा, इतका पूर आला, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले. प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला तरच त्याचा समावेश, असं ठरलं. न वाचता केलेली दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर डल्ला. पण त्या राड्यामुळे प्रत्येक स्पेलिंग पॅचकडे संशयाने बघणं मला पटत नाही.

एक गोष्ट नवीन मंडळींना कुणी सांगत नाही. सॉफ्टवेअरची भाषांतरं गेटटेक्स्ट या टूलसंचावर चालत असतील, तर मूळ इंग्रजी वाक्यातलं एक अक्षर बदललं तरी पुढच्या अपडेटला त्या वाक्याची सगळ्या भाषांमधली भाषांतरं 'फझी', म्हणजे पुन्हा तपासायची, होतात. फझी नोंदी एमएसजीएफएमटी हे भाषांतरं सॉफ्टवेअरसाठी तयार करणारं टूल डीफॉल्टने वगळतं. म्हणजे तुम्ही स्वल्पविराम नीट केलात आणि तिकडे वापरणाऱ्याला भाषांतराऐवजी पुन्हा इंग्रजी दिसू लागलं. अर्थ बदलत नसेल तर भाषांतरं असलेल्या पीओ फाइल्सही सोबतच सांभाळा. पीओ-फॉर-ए या टूलसंचात एमएसजीअनटायपॉट हे टूल याचसाठी आहे. शीर्षकातली चूक सुधारतानाही हीच काळजी घ्या. शीर्षकावरून अँकर (पानातल्या त्या जागेचा पत्ता) तयार होत असेल, तर त्याकडे येणाऱ्या जुन्या लिंक योग्य जागी पोचत नाहीत.

त्या 'नाऊ'चा पॅच मी त्याच रात्री पाठवला. काय बिघडलं ते बदलासोबत जाणाऱ्या कमिट मेसेजमध्ये चार ओळींत लिहिलं आणि पीओ फाइल्सना मुद्दाम हात लावला नाही. इथे भाषांतरं फझी व्हायलाच हवी होती. दोन भाषांमधल्या अनुवादकांनी नंतर त्याच थ्रेडवर कळवलं: त्यांच्याकडेही इतके दिवस 'आता चालवा' असंच लिहिलेलं होतं.