खरं चायनीज, खोटं चायनीज

परवा भाचा म्हणाला, "मावशी, तुम्ही खाता ते चायनीज नसतंच मुळी." बरं बाबा.

आम्ही पहिल्यांदा चायनीज खाल्लं ते १९८७ मध्ये. बाबांचा दिवाळीचा बोनस झाला होता आणि गिरगावातून आम्ही चौघं नटूनथटून कुलाब्याला निघालो. आजोबा आले नाहीत. "बासष्ट विसरलात वाटतं," एवढंच म्हणाले आणि पानाचा डबा पुढे ओढला. आईला शेजारच्या काकूंनी बेडकांची धास्ती घातली होती, त्यामुळे ती निम्म्या मनाने आलेली.

आत अंधार, एसी, लाल कंदील. बाबांनी मेनूकार्ड उजवीकडून, म्हणजे किमतीपासून वाचायला घेतलं. वेटरने ते ओळखलं असावं. "सूप वन बाय टू करू?" त्याने हळूच विचारलं. आमची अब्रू वाचली. (हे वन बाय टू ज्याने शोधलं त्याचा पुतळा दादरला हवा.) आईने एक चमचा तोंडात घातला आणि निकाल दिला, "पिठलं पातळ झालंय." कॉर्नफ्लॉवरबद्दल याहून नेमकं मी आजवर ऐकलेलं नाही. व्हिनेगरमधल्या मिरच्या बाबांनी लोणचं समजून संपवल्या.

गल्ल्यावर एक चिनी चेहऱ्याचे गृहस्थ होते. मी टक लावून बघतेय म्हटल्यावर ते उठून आले. "बेबी को तीखा कम करने का क्या?" अस्सल मुंबईची हिंदी! बाबांनी विचारलं, मूळचे कुठले? "माझगाव." पुढे काय बोलायचं ते बाबांना सुचेना.

माझगावात १९१९ सालचं चिनी देऊळ आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९६२ च्या युद्धात आपल्याच देशातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं, हे तर त्याहून उशिरा. आजोबांचं बासष्ट वेगळं, या लोकांचं वेगळं.

म्हणून 'खोटं चायनीज' म्हटलं की मला राग येतो. मंचुरियन घ्या. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी ते केलं, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. वँग कोलकात्यात जन्मलेले. चिनी घरातल्या, इथेच वाढलेल्या माणसाने इथल्या जिभेसाठी रांधलं, त्यात खोटं काय? चायनीज भेळेची बाजू मात्र मी घेणार नाही. तळलेल्या नूडल्सवर लाल सॉस ओतणं म्हणजे स्वयंपाक नव्हे.

शेवटी भाचा आम्हाला 'खरं' चायनीज खायला घेऊन गेला. सोबत ऐंशीला टेकलेली आई. सेचुआनी चिकन आलं. मिरच्यांचा ढीग आणि त्यात बारीक तपकिरी दाणे. आपल्या गाडीवरच्या शेजवानमध्ये ते कधीच नसतात. एक चावला तर जीभ झिणझिणली. भाचा माहिती सांगायला सरसावला, तोवर वेंगुर्ल्याच्या माझ्या आईने एक दाणा चिमटीत धरून हुंगलासुद्धा.

"तिरफळं ही. बांगड्यात घालतो ती."

मी घरी येऊन शोधलं. दोन्ही झाडं एकाच कुळीतली, चुलत भावंडंच.

आईने दाणा पुन्हा निरखला. "बी काढून टाकायची असते. एवढे पैसे घेतात आणि हेही माहीत नाही."